एकोणीस रिकामी मिनिटं

मामाने 'बावीस'ला पाचपैकी दोन स्टार दिले आणि आमच्या ग्रुपवर सकाळी साडेसातलाच भडका उडाला. मी दात घासत होते. फोन इतका थरथरत होता की बेसिनच्या कडेवरून खालीच पडायचा.

'बावीस' म्हणजे सहा तास दहा मिनिटांचं संगीत. गाणं नाही, ठेका नाही, शब्द तर नाहीच नाही. सगळे यंत्रातून काढलेले आवाज. ते करणारी बाई कोण, कुठे राहते, कशी दिसते, कुणाला काही पत्ता नाही. आम्ही तिला नुसतं 'बाई' म्हणतो. नाव 'बावीस'च का, यावरून आमच्यात दोन तट आहेत. त्या भांडणात मी पडत नाही. एकदा पडले होते, तर आठवडाभर जेवण गोड लागलं नव्हतं. पण ऐकावं तर ते! पहिल्या भागात फ्रिजसारखी एक घरघर सुरू होते, आणि चाळीस मिनिटांनी तुमच्या लक्षात येतं, अरेच्चा, ही तर केव्हाची गातेय! नेमकी कधी गायला लागली ते काही केल्या पकडता येत नाही. मी अकरा वेळा प्रयत्न केलाय.

असलं काहीतरी जिवापाड आवडणारे आम्ही नऊ जण. ग्रुपचं नाव 'लांबण मंडळ'. दर शनिवारी दुपारी बाइंडरदादाच्या वर्कशॉपमध्ये जमतो. तो पुस्तकं बांधतो. त्याच्याकडे माझ्या खांद्याला लागतील एवढे दोन स्पीकर आहेत, आणि शनिवारी त्याचं कटिंग मशीन बंद असतं.

आता मामा. माझ्या आईचा धाकटा भाऊ. एकतीस वर्षं पेपरात दर बुधवारी संगीतावर लिहितोय. आमच्या नऊ जणांपैकी निदान सहा जणांना हे वेड त्याच्या लेखांनीच लावलं. मला तर त्याने समोर बसवून लावलं. मी नऊ वर्षांची असेन. म्हणाला, "बोलायचं नाही. कुठे बदललं तेवढं बोट वर करून सांग." तो माझा मामा आहे हे मी ग्रुपवर कुणाला कळू दिलं नव्हतं. भाची म्हणून मिरवायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या वाटणीच्या शिव्याही खायच्या नव्हत्या.

लेखात त्याने नुसते वाभाडे काढले नव्हते हो. पहिल्या तीन भागांवर तर जीव ओवाळून टाकला होता. पण शेवटी लिहिलं होतं, "चौथ्या भागात एकोणीस मिनिटं काहीही नाही. मी तीन वेळा ऐकलं. तिन्ही वेळा काही नाही. चार तास विश्वासाने बसलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवणं ही कला नव्हे, हा उद्धटपणा आहे."

"काहीही नाही???" कोचने लिहिलं. कोच पोहायला शिकवते. वय चोवीस, आवाज असा की तिला शिट्टी लागत नाही. "तिथे एक बारीक सूर आहे! डावीकडून उजवीकडे जातो, मग त्याचे दोन होतात, मग अकरा! अख्ख्या 'बावीस'चा जीव तिथे आहे! ह्या माणसाने ऐकलंच नाही. पुढे ढकललं आणि थाप मारली. तीन वेळा म्हणे!"

यावर टाइमटेबलकाका उतरले. हे बसगाड्यांची वेळापत्रकं करता करता रिटायर झाले. त्यांचं सगळं वेळेवर आणि सविस्तर. "मी लेखकाशी असहमत आहे," त्यांनी लिहिलं. "ती एकोणीस मिनिटांची शांतता हेच या कृतीचं शिखर आहे. अशी शांतता ठेवायला छाती लागते." खाली त्या शांततेवरचा चार पानी निबंध जोडला होता.

"काका, कुठली शांतता?" कोच.

"चौथ्या भागातली."

"तिथे शांतता नाहीये!"

"बेटा, वय झालं की कळेल."

सगळे खदखदून हसले, म्हणजे हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा लागल्या. बाइंडरदादाने भर घातली, "मला वाटलं वायर सुटली. दोनदा स्पीकरच्या मागे वाकून बघून आलो." मीही हसले. काय सांगू, तेव्हा माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुपारपर्यंत कोचने संपादकांना पत्र तयार केलं. सोबत त्या एकोणीस मिनिटांचा आलेख, वरच्या बाजूला सुराची स्वच्छ रेघ. "न ऐकता लिहिणारा माणूस एकतीस वर्षं आमच्या माथी का मारलात? हे सदर बंद करा." शनिवारी सगळ्यांनी सह्या करायच्या, सोमवारी पत्र जाणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मामाचे हजार दोष सांगा, मी दोन वाढवून देईन. पण ऐकल्याशिवाय लिहिणारा? तो?

मी कान तपासते. तोच माझा धंदा. आमच्या सेंटरमध्ये कपाटाएवढी एक साउंडप्रूफ खोली आहे. आत माणूस बसतो, बाहेर काचेपाशी मी. मी एकेक सूर सोडते, त्याने ऐकू आला की बटण दाबायचं. त्या संध्याकाळी मीच आत बसले आणि ती एकोणीस मिनिटं लावली. सूर होता. सुईच्या टोकाएवढा, पण होता, आणि इतका देखणा की मी श्वास रोखून बसले. मग रिसेप्शनवरच्या ताईंना आत बोलावून हेडफोन दिले. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या. दोन मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या, "चालू केलंस का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. बारा वर्षं मी लोकांचे कान तपासतेय! वय वाढलं की वरचे सूर आधी जातात, हे दिवसातून चार वेळा समजावून सांगते. काका एकाहत्तरचे, दादा साठीचा, मामा सहासष्टचा. एकाला शांतता आवडली, एकाला वायर सुटल्यासारखी वाटली, एकाला राग आला. ऐकू मात्र तिघांनाही आलं नव्हतं.

आणि मग पुढचं लक्षात आलं. पत्र गेलं तर मामा लबाड ठरणार. खरं सांगितलं तर बहिरा. संगीतावर लिहिणाऱ्या माणसाने यातलं कुठलं निवडायचं?

गुरुवारी त्याच्या घरी गेले. दार मामीने उघडलं आणि उघडता उघडताच सुरू झाली, "बरं झालं आलीस. परवा ह्यांना ताप होता. थर्मामीटर काखेत घालून पाऊण तास बसले. वाजतोय, वाजतोय म्हणून मी आतून ओरडतेय, आणि हे म्हणतात वाजलाच नाही!"

मामा खुर्चीत बसून हसत होता. माझं तोंड बघितलं आणि हसायचा थांबला. मला आडपडद्याने बोलता येत नाही. मी सगळं सांगून टाकलं, ग्रुप, पत्र, कोचचा आलेख, ती एकोणीस मिनिटं.

"म्हणजे मी बहिरा?"

"बहिरा नाही. वरचं येत नाही तुला."

"तुला कान मी दिले, भडकू. आणि तू मला कान शिकवतेस?"

"मग ये की उद्या! बस माझ्या खोलीत! घाबरतोस?"

मामी म्हणाली, "अगं, हळू बोल जरा." पण मी हळू बोलले असते तर तो आला नसता. मला माझा मामा माहीत आहे.

शुक्रवारी सकाळी दहाला तो हजर. इस्त्रीचा शर्ट, जसा काही मुलाखतीला आलाय. हेडफोन घालून, हातात बटण घेऊन आत बसला. मी दार लावलं.

खालचे सूर सोडले. बटण. त्याहून हळू सोडले. बटण. चाळिशीतल्या माणसालाही येत नाहीत इतके हलके त्याने टिपले. मी खूश. मग वर चढत गेले. चार हजार हर्ट्झवर आलेखाची रेघ घसरली. आठ हजारांवर मी आवाज वाढवत नेला, वाढवत नेला, आणि काचेपलीकडे मामा शांतपणे वाट बघत बसला होता.

एक सांगते. हरायला कुणालाच आवडत नाही. या खोलीत बसलेली माणसं काही वेळ सूर आला नाही की बेचैन होतात आणि अंदाजाने बटण दाबतात. मोठमोठे अधिकारी दाबतात. शाळेतल्या बाई दाबतात. मुद्दाम नाही, लाज वाटते म्हणून. मामाचं अख्खं नाव पणाला लागलं होतं, आणि समोर काचेत त्याला माझा चेहरा दिसत होता. त्याने चाळीस मिनिटांत एकदाही, एकदाही, न ऐकता बटण दाबलं नाही. बारा वर्षांत असा आलेख मी पहिल्यांदा काढला. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मशीनवरचे आकडे धूसर दिसायला लागले.

तो बाहेर आला. मी कागद पुढे केला. त्याने ती घसरलेली रेघ बोटाने खालपर्यंत नेली.

"कानाला मशीन लावलं तर येईल?"

"बोलणं स्वच्छ येईल. थर्मामीटर येईल. तो सूर फार वर आहे मामा. तो नाही येणार."

"कधीपासून असेल हे?"

"सात-आठ वर्षं."

"म्हणजे चारशे लेख," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. रडले मीच. तो म्हणाला, "आधी नाक पूस. आणि उद्या तुमचं ते मंडळ किती वाजता असतं ते सांग."

शनिवारी वर्कशॉपमध्ये खळीचा वास, टेबलावर पत्र, पत्रावर कोचचं पेन. मी मामाला घेऊन आत शिरले आणि म्हटलं, "हा माझा मामा. दोन स्टारवाला."

कोच लालबुंद झाली. मामाने टेबलावरचं पत्र उचललं, शेवटपर्यंत वाचलं आणि खाली ठेवलं.

"आलेख बरोबर आहे," तो म्हणाला. "मी तीन वेळा ऐकलं हेही खरं आहे. मला तो सूर ऐकू येत नाही. काल तपासून घेतलं. संपादकांना मीच कळवणार आहे. सही करायची तर करा, पण 'न ऐकता' हे शब्द तेवढे काढा."

"सर," कोच हळूच म्हणाली आणि पेनाला टोपण लावून टाकलं. तिला हळू बोलताना मी प्रथमच ऐकत होते.

कोपऱ्यातून काकांनी घसा खाकरला. "म्हणजे... मलाही?"

बिचाऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. "मी चार पानं लिहिली हो त्या शांततेवर."

"वाचली मी, हिने दाखवली," मामा म्हणाला. "फार चांगली लिहिलीत. तुम्हाला आवडली, मला आवडली नाही, आणि ती तिथे नव्हतीच."

आधी काकाच हसले. मग सगळं वर्कशॉप हसलं, बाइंडरदादा तर डोळे पुसत होता. मामाने कोचला बोलावून शेजारच्या स्टुलावर बसवलं. "लाव. आणि काय ऐकू येतंय ते मला सांग."

चौथा भाग सुरू झाला. मामा आणि काका स्पीकरकडे बघत बसले. कोच म्हणाली, "आता आला. छान आहे."

"छान म्हणजे काय? मला काही कळलं नाही."

"बारीक आहे."

"केस बारीक असतो, आवाजही बारीक असतो. कशासारखा?"

तिने डोळे मिटले. "ओल्या ग्लासच्या काठावरून बोट फिरवल्यासारखा. पण बोट टेकवायच्या आधीचा." मामाने मान हलवली. मग ती सुटली. एकोणीस मिनिटं ती बोलत होती, तो अडवत होता, ती चिडून पुन्हा सांगत होती, आणि मी, जिला सगळं ऐकू येत होतं, तिच्या सांगण्यामुळे पहिल्यांदा नीट ऐकत होते. पत्रावर सही झाली नाही. कोचने ते घडी घालून स्वतःच्या बॅगेत टाकलं.

बुधवारी मामाचा लेख आला. वर मोठ्या अक्षरात त्याची चूक, त्याचं वय, त्याचे कान, काही झाकलेलं नाही. खाली लिहिलं होतं, "या एकोणीस मिनिटांबद्दल ज्यांना ती ऐकू येतात त्यांच्यापैकी एकीने लिहावं हे योग्य." आणि त्याखाली कोचचा मजकूर, तिच्या नावाने. मी फोन केला, "स्टार वाढवलेस का?" तर म्हणाला, "न ऐकलेल्याला मी स्टार देत नाही. तिने पाच दिलेत, ते छापलेत की." पेपरकडे ढिगाने पत्रं आली. बरीच म्हाताऱ्या वाचकांची, आम्हालाही आलं नव्हतं म्हणून. आता त्या सदरावर दोन नावं असतात.

रविवारी मी त्याच्याकडे गेले. खोलीत 'बावीस' लावलेलं होतं, चौथा भाग. मामाच्या मांडीवर कोचचा लेख, समोर घड्याळ. तो एकेक ओळ पुढे सरकत होता. मी आवाज न करता त्याच्या बाजूला बसले. सूर डावीकडून निघाला, उजवीकडे गेला, थांबला.

"आता दोन होणार," मामा पुटपुटला.

आणि झाले. अगदी त्या क्षणाला. मला हुंदका आवरेना, मी तोंडावर हात दाबून धरला.

मामी दारात आली. आमच्याकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं. "बंद पडलं की काय?"

"नाही," मामा मान वर न करता म्हणाला. "चालू आहे. बस."