वरचे दोन माइक

“चर्चमध्ये आज कोणी आलंच नाही का, म्हणून विचारतेय ती!” मिस्टर लिम मिक्सरवर वाकून कुजबुजले आणि नर्सने पाठवलेला मेसेज त्यांनी उल्हासच्या नाकासमोर धरला.

लिम या दीडशे वर्षांच्या चर्चचे कारभारी. त्यांची बायको ग्रेस शहराच्या नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात होती, आणि डॉक्टर आता दिवसांचीच भाषा बोलत होते. चाळीस वर्षं ती इथे गायली होती. नवी ध्वनियंत्रणा बसवणाऱ्या उल्हासमागे, या पुण्याहून आलेल्या साउंड इंजिनिअरमागे, लिमनी लकडाच लावला होता, की प्रार्थनेचं पहिलं लाइव्ह प्रक्षेपण याच रविवारी व्हायला हवं.

उल्हासने हेडफोन कानाला लावला. पाद्रींचा शब्द न् शब्द स्वच्छ होता. पण समोर तीनशे माणसं प्रार्थनेला उत्तर देत होती, त्यातलं अक्षरही ऑनलाइन जात नव्हतं. त्याचा चेहरा पडला. ही त्याचीच करणी. खोकला नको, बाकांची करकर नको, पंख्यांची घरघर नको, म्हणून तुळईला टांगलेले दोन्ही माइक त्याने कालच बंद करून टाकले होते. बावीस वर्षं आवाज साफ करता करता तो माणसंच पुसून बसला होता.

“पुढचं गीत तिचं आवडतं आहे. वरचे माइक उघड ना. कॅन ऑर नॉट?”

काम एका बोटाचं होतं. पण लाइव्हसाठी वेगळी वाट काढलेली नव्हती. ऑनलाइन जाई तेच इथल्या स्पीकरमधून घुमे. वरचे माइक उघडले की त्यांत स्पीकरचाच आवाज शिरून कर्कश शिट्टी वाजण्याची भीती. गेल्याच महिन्यात एका लग्नात तशी वाजली होती आणि साहेबाने, सुबोधने, क्वीन्सटाउनच्या ऑफिसात सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढली होती. इथे काम करायचा त्याचा पास संपायला सात आठवडे उरले होते, आणि तो वाढवून घेणं सुबोधच्याच हातात होतं.

फोन थरथरला. सुबोधच.

“बघतोय मी. मस्त क्लीन आहे. आता कशाला हात लावू नकोस.”

“अरे, लोकांचा आवाजच जात नाहीये.”

“नसू दे. पुन्हा शिट्टी वाजली, तर पासचं माझ्याकडे बोलायचं नाही.”

ऑर्गन सुरू झाला. लोक उठून उभे राहिले. लिमनी ग्रेसला फोन लावून कानाशी धरला आणि उल्हासकडे बघत राहिले.

उल्हासने स्पीकरचा आवाज थोडा खाली घेतला आणि वरचे माइक हळूहळू उघडत नेले. स्पीकर कुरकुरले. त्याने चटकन बोट मागे घेतलं, मग पुन्हा पुढे नेलं. हेडफोनमध्ये माणसं आली. बेसूर म्हातारे, रडणारं बाळ, पंखे, सगळेच. फोन परत थरथरला, तो त्याने उचलला नाही.

गीत संपलं, लोक बसले. लिम तेवढे उभेच. उल्हासने त्यांना बसायची खूण केली. त्यांनी मान हलवली आणि फोन त्याच्या कानाशी आणला.

लाइव्ह अर्धा मिनिट मागून पोचतं. नोव्हेनात शेवटचं कडवं अजून चालू होतं, आणि त्यासोबत एक विरलेला आवाज गात होता, धापा टाकत, एकही शब्द न गाळता.

पाद्री प्रवचन सुरू करत होते. लिमनी फोन परत आपल्या कानाशी नेला आणि तिचं गाणं संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले.