न्हाय म्हणजे नाही

मित्रांनो, भिवंडीतल्या आमच्या निंबाच्या आळीत आता काँक्रीटचा गुळगुळीत रस्ता झालाय. तुम्ही त्यावरून सायकली पळवता, स्टंप रोवायला जागा नाही म्हणून डब्यावर डबा ठेवून क्रिकेट खेळता. मजा आहे बुवा तुमची! त्याच रस्त्याच्या पोटात, अंधारात, दोन्ही टोकं बंद केलेली जी पडून आहे ना, ती मी. मी एक जुनी पाण्याची लाइन आहे. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाडजूड, अंगभर गंजलेली. बोलायची सवय सुटलीय, म्हणून आवाज जरा घरघरतो. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतून माझ्या नळ्या झाल्या. त्या ट्रकमधून भिवंडीला आल्या, आळीत चर खणला गेला, नळीत नळी बसवून सांध्यांत तागाचा दोर ठासला आणि वरून शिसं ओतलं. मग वरच्या टाकीचं पाणी सुटलं. पहिल्यांदा अंगातून पाणी धावलं तेव्हा मला काय वाटलं, ते कसं सांगू? मी गारठले, थरथरले आणि मग कळलं, आपण याच्यासाठी आहोत. आळीतल्या बायकांनी नारळ फोडला. कापड विणणारे लूम चालवणाऱ्यांच्या घरांतून सगळ्यांना सरबत वाटलं गेलं. किती कौतुक झालं म्हणून सांगू!

तुम्ही विचाराल, जमिनीत गाडलेलीला हे सगळं कळलं कसं? अरे, घराघरातली तोटी म्हणजे माझा कान. तोटी उघडी असली की घरातलं बोलणं मला स्वच्छ ऐकू येतं. कुणाकडे भांडण, कुणाकडे बारसं, कुणाची डाळ करपली, सगळं ठाऊक.

त्याच सुमाराला आळीच्या शेवटच्या घरात कमळा नावाची नवी नवरी आली. वळ गावची, शेतकऱ्याची लेक. माहेरी विहिरीवरून हंडे आणून आणून तिची मान दुखायची. सासरी आल्यावर तिने घरात तोटी बघितली, पिरगाळली, पाणी आलं आणि ती खो खो हसत सुटली. सासू म्हणाली, "येडी का काय गो ही?" पण मला ते हसू फार आवडलं. दिवाळीत पाणी भरतात त्या दिवशी ती हंड्याबरोबर माझ्या तोटीलाही हळदकुंकू लावायची. पुढे ती सगळ्यांची कमळाआक्का झाली. शेजारच्या घरात बिल्किस. जुन्या कोकणी मुसलमान घरातली सून, सासऱ्यांचे लूम. रमजानमध्ये तिच्या ओट्यावर वाटसरूंसाठी माठ भरलेले असत, ते पाणीही माझंच. दोघी तोटीजवळ बसून तासन् तास बोलायच्या, आणि मी फुकटात ऐकायची.

दिवस काही सारखे राहत नाहीत. आळीत लूम वाढले. त्यांच्या खडखडाटाने माझे सांधे हलू लागले. सुताने भरलेले टेंपो डोक्यावरून जायचे, त्यांच्या ओझ्याने मी आज इथे फुटायचे, उद्या तिथे. मग माणसं यायची, खणायची, माझ्या अंगाला रबराची पट्टी गुंडाळायची आणि खड्डा बुजवून जायची. रस्ता बसायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा मी फुटायचे. वर प्रत्येकाने आपापल्या घरात मोटर लावली. एकजण ओढतोय म्हणून दुसरा ओढतोय, शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचेल कसं? मग आक्काने तोटी खाली आणली. दारातच खड्डा खणून त्यात नळ बसवला. खड्ड्यात उतरून, वाटीवाटीने हंडा भरायची बिचारी. सगळी आळी मला शिव्या घालायची, "मेली सडकी लाइन!" म्हणायची. खोटं कशाला बोलू, त्यांचं चुकत नव्हतं. माझे दिवस भरले होते.

आक्का मात्र मला कधी टाकून बोलली नाही. तिचा नवरा गेला, मुलगा सागर राहनाळला गोडाऊनमध्ये कामाला लागला आणि तिथेच खोली घेऊन राहिला. रविवारी यायचा आणि एकच धोशा लावायचा, "आये, चल माझ्याकडं. एकटी काय करतेस इथं?"

आक्का म्हणायची, "घरान पानी हाय, शेजारान बिल्किस हाय. मी कशाला येव?"

"दोन हंडे पाण्यासाठी खड्ड्यात उतरतेस, तेला पानी म्हणतेस?"

"हां, म्हणतंय! ज्या घरान पानी हाय, तं घर सोडायचं नसतंय."

सून चांगली, नातवंडं गोड, पण राहनाळची खोली सागरची आणि हे घर आक्काचं. स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या पाण्याने चहा टाकायचा आणि मनात आलं की बिल्किसला हाक मारायची, एवढंच तिला हवं होतं. म्हातारीचं जास्त मागणं नव्हतं.

मग एक दिवस पालिकेने आळीत फलक लावला. नवी पाण्याची लाइन टाकणार आणि वर काँक्रीटचा रस्ता करणार! सगळे खूश झाले. मीसुद्धा. अहो, खरंच! हेवा नाही वाटला मला. थकले होते मी. नवी लाइन आली, काळ्या प्लास्टिकची, हलकी, सांधे बिनबोभाट. माझ्या शेजारीच तिला निजवली. ठेकेदाराची माणसं एकेका घराचं कनेक्शन माझ्यावरून काढून तिच्यावर जोडत चालली. त्यांत लालमन नावाचा एक फिटर होता. उत्तर प्रदेशातला, पन्नाशीचा, मायाळू माणूस. काम करताना स्वतःशीच गुणगुणायचा.

आता नीट ऐका. आक्काचं कनेक्शन माझ्यावर सरळ नव्हतं. कोपऱ्यावरच्या लूमच्या भिंतीखालून वळसा घेऊन ते तिच्या दारात जायचं. चर तिथवर खणलाच नव्हता, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. सगळी घरं नव्या लाइनीवर गेली आणि आक्का एकटी माझ्यावर राहिली.

पण अशी चूक सापडावी म्हणूनच तर चाचणी घेतात. त्या दिवशी सकाळी माझी चावी, म्हणजे पाणी सोडायचा व्हॉल्व्ह, बंद करून नव्या लाइनीला पाणी सोडलं. आळीत एकच गलका उडाला. बिल्किसच्या घरात तर तोटीतून अशी धार आली की बादली आडवी झाली. आक्काची तोटी कोरडी. बिल्किसने लगेच भरलेली बादली आणून दिली, म्हणाली, "घे गो, आंघोळ उरकून घे. तुझं पण येईल आता." आक्काने आंघोळ केली आणि डोक्याला पंचा गुंडाळून दारात उभी राहिली.

लालमन घरोघरी विचारत आला. "पानी आया? आया? बढिया." शेवटी आक्काच्या दाराशी पोचला.

"मौसी, पानी आया?"

आक्का म्हणाली, "न्हाय."

मित्रांनो, आमच्याकडच्या गावांत न्हाय म्हणजे नाही. पण लालमनच्या गावाकडे आंघोळीला नहाय म्हणतात! त्याने काय बघितलं? म्हातारी उभी आहे, केस ओले, डोक्याला पंचा. त्याने काय ऐकलं? नहाय. तो मनापासून हसला.

"अरे वा! नहाय भी लिए? बहुत बढिया, मौसी!"

आणि आक्काने काय ऐकलं? बहुत बढिया. म्हणजे याला कळलं, हा आता काम करून देणार. ती म्हणाली, "बरं बाबा, कर मग तेवढं." तो मान डोलावून निघून गेला.

मी ओरडत होते हो! पण चावी बंद, अंगात जोर नाही, ओरडणार कशी? एक बुडबुडा तेवढा तोटीपर्यंत गेला. बिल्किस आत चुलीपाशी होती. ती दारात असती तर तिने एका दमात सगळा घोळ निस्तरला असता. संध्याकाळी तिने विचारलंसुद्धा, "सांगितलंस ना त्याला?" आक्का म्हणाली, "सांगितला गो. बढिया बोल्ला." झालं! दोघींचं समाधान झालं. दुसऱ्या दिवशी माझी दोन्ही टोकं बंद केली, चर बुजवला आणि लगेच काँक्रीटची गाडी आली. आळी दोन्ही बाजूंनी बंद, बायका कडेकडेने चालतायत, माणसं काँक्रीट सपाट करायला फळ्या मारतायत. रस्ता झाला आणि सुंदर झाला.

आक्का वाट बघत राहिली. रोज सकाळी खड्ड्यात उतरायची, तोटी फिरवायची, कान लावायची. शेवटी सागर तिला घेऊन पालिकेत गेला. तिथल्या इंजिनिअर हेमाली मॅडम स्वतः आळीत आल्या. बाई भली होती. खड्ड्यात वाकून बघितलं, लालमनला बोलावून घेतलं.

लालमनला जेव्हा कळलं तेव्हा त्याने आक्कासमोर हात जोडले. "मौसी, हम समझे आप नहा चुकी हो. पानी आया होगा तभी तो नहाया..." त्याचे डोळे भरून आले.

आक्काने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाव दे रं बाबा. तुजी बोली येगली, माजी येगली."

सागर भडकलेला होता. "मॅडम, आता पुढं काय? फोडा ना रस्ता."

"चूक आमच्याकडून झाली, मान्य आहे," मॅडम म्हणाल्या. "पण रस्ता नुकताच झालाय. तो फोडायचा तर वरून मंजुरी यावी लागते. मी आजच लिहिते."

"कधी येईल?"

"ते माझ्या हातात नाही," मॅडम म्हणाल्या. खोटं सांगण्यापेक्षा ते बरं. त्यांनी लिहिलं, पुन्हा लिहिलं, पण मंजुरी काही आली नाही. इतके दिवस खड्ड्यांसाठी ओरडणाऱ्या आळीतही आता कुजबुज सुरू झाली की एका घरासाठी एवढा चांगला रस्ता कशाला फोडायचा.

लालमन कामावर जायच्या आधी रोज आक्काचे हंडे भरून द्यायचा. बिल्किसच्या तोटीवरून आक्काच्या दारात. पण आळीतलं काम संपलं आणि ठेकेदाराने त्याला शेलार गावातल्या कामावर पाठवलं. जाताना तो आक्काच्या पाया पडला. मग बिल्किस द्यायची भरून, पण तिचेही गुडघे दुखायचे. आणि आक्का मानी. शेजारणीने भरून दिलेल्या पाण्यावर किती दिवस घर चालवणार? ती म्हणायची, "तुजं पानी घेतंय तं घेतंय, निदान उचलून मी आनन."

नवा रस्ता जुन्यापेक्षा उंच झालाय, तुम्ही पाहिलं असेल. आक्काचं दार आता खाली राहिलं. हंडा घेऊन रस्त्यावरून दारात उतरताना एका सकाळी तिचा पाय सटकला. हंड्याचा आवाज मला तोटीतून ऐकू आला, आणि त्यानंतर आक्काचा. बिल्किस अनवाणी धावत आली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यातून सागरने आईला थेट राहनाळला नेलं. त्याचं तरी काय चुकलं? पुढे एका रविवारी तो तिला सामान घ्यायला घेऊन आला. आक्का वॉकर टेकत टेकत घरात फिरली. भांडी बांधली, नवऱ्याचा फोटो उतरवला. मग सागर नको नको म्हणत असताना दारातल्या खड्ड्याच्या काठाशी बसली, हात लांब करून तिने तोटी फिरवली. फस्स झालं फक्त.

"रुसलीस का गो माज्यावर?" ती म्हणाली. "मी तं तुला कधी वाईट बोलली न्हाय."

मित्रांनो, त्या वेळी माझ्या पोटात पाणी होतं. अजून आहे. टोकं बंद केली तेव्हा अंगात जेवढं होतं तेवढं तसंच अडकून राहिलंय, आक्काला एका दिवसाला सहज पुरलं असतं. पण तिची तोटी वर, मी खाली. मागून रेटा नसेल तर पाणी चढत नाही. आडात असून पोहऱ्यात येत नाही, अशी गत. मी सगळा जीव एकवटला. थेंबसुद्धा वर गेला नाही.

सागरने तिला उठवलं. बिल्किस तिचा हात धरून दारापर्यंत आली. आपल्याकडे निघताना कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात. लहान पोरांनासुद्धा आपण तेच शिकवतो. आक्काने कुलूप लागताना बघितलं आणि म्हणाली, "जातंय गो, बिल्किस."

"जातंय नको बोलू, आक्का!" बिल्किस रडायला लागली. "येतंय बोल. एकदा बोल ना."

आक्का वॉकर टेकत जाऊन रिक्षात बसली. रिक्षा सुरू झाली, आणि नव्या रस्त्यावरून एकही दणका न बसता निघून गेली.

तर बाळांनो, मी तक्रार करत नाहीये. जुन्या लाइनी बदलायलाच हव्यात, रस्तेही व्हायलाच हवेत. तुमच्यातलं कुणी उद्या इंजिनिअर होईल, कुणी फिटर, कुणी ऑफिसात बसेल. तेव्हा रस्ता झाकण्याआधी आळीच्या शेवटच्या घरापर्यंत जा. आत जाऊन स्वतःच्या हाताने तोटी फिरवा. समोरचं माणूस बोललेलं कळलं नाही तर परत विचारा, आणि कळलं असं वाटलं तरी परत विचारा. माणसाचं बोलणं नीट ऐकून घेणं हीसुद्धा दुरुस्तीच आहे.

आणि एक काम कराल माझं? राहनाळकडे कुणी जाणार असाल, तर कमळाआक्काला गाठा. तिला मोठ्याने सांगा, अलीकडे तिला कमी ऐकू येतं. म्हणावं, आक्का, लाइन रुसली नव्हती गो.