शून्य आणि माझं बोट

माझ्या सुनेचं काम लोकांची बोटं टोचण्याचं. हिवतापाच्या दवाखान्यात आहे ती. कोणाला ताप आला की ही दारात हजर. बोटातून थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचं नि तपासायला न्यायचं. दवाखान्याच्या भिंतीवर तिने एक भलंमोठं शून्य रंगवलंय, म्हणजे वस्तीतल्या डासांनी कोणाला हिवताप दिलेला नाही. मला वाचता येत नाही फारसं, पण शून्य ओळखते. ते तीन वर्षं टिकलं की वस्ती हिवतापमुक्त. वीस दिवस उरले होते आणि मला ताप भरला.

"आई, बोट द्या."

"चार पोरं जन्माला घातली मी, एक थेंब मला काढता येत नाही होय? ठेव ती सुई नि पट्टी, आणि लाग कामाला."

तिला अजून अकरा घरं करायची होती. पट्टीवर माझं नाव लिहून गेली बिचारी.

आता खरं सांगते. या घरात माझ्यापुढे कोणाची बोलायची छाती नाही, पण सुई दिसली की मी चार पावलं मागे सरते. आमचे हे खुर्चीत घोरत होते. मी हळूच त्यांचं बोट धरलं, डोळे मिटले नि टोचलं. ह्यांनी "डास!" म्हणत स्वतःच्याच गालावर चापट मारली आणि मान वळवली. थेंब मात्र झकास आला, तो माझ्या नावाच्या पट्टीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी माझा ताप उतरला. तिसऱ्या दिवशी सून आली ती गोळ्या घेऊन, रडवेली.

"आई, तुमच्या रक्तात जंतू निघाले."

"एवढ्या कडू रक्तात जगले कसे?" हे खुर्चीतून म्हणाले.

"बाबा, थट्टा नको. आई चार महिने वस्तीबाहेर गेल्या नाहीत. म्हणजे इथलाच डास चावला. माझं शून्य गेलं." ती चपला न काढताच उंबऱ्यावर बसली.

"आणि बाहेरून कोणी घेऊन आलं असेल तर?" मी विचारलं.

"मग तो बाहेरचा रुग्ण. शून्य राहिलं असतं. पण तुम्ही कुठे गेलात?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. महिन्यापूर्वी हे वन्संकडे, जंगलाच्या कडेला, पंधरा दिवस अंगणात उघड्यावर झोपून आले होते. मी गप्प राहिले असते तर माझा तोरा राहिला असता. पण पोरीने त्या शून्यापायी तीन वर्षं उन्हातान्हात गल्ल्या तुडवल्या होत्या.

"नाव माझं आहे," मी म्हटलं, "रक्त ह्यांचं."

"काय?"

"सुईला घाबरते मी! झालं समाधान?"

हे खुर्चीत ताठ उठून बसले. "म्हणजे तो डास तू होतीस?"

सून आधी चिडली, मग हसली, मग पुन्हा चिडली. "बाबांना तर तापही नाही! अशांची बोटं आम्ही टोचतच नाही. इथला डास त्यांना चावून दुसऱ्याला चावला असता तर?"

"मग? शोधून कोणी दिलं?" मी नाक वर केलं.

तिने पिशवीतून दोन कोऱ्या पट्ट्या काढल्या. "एक बाबांची, खात्रीसाठी. आणि आई, तुमची अजून बाकीच आहे."

ह्यांनी लगेच खुर्ची रिकामी केली. "बस. नि घोरायला लाग, काही कळत नाही."