पारूबाईंचा ओठ
लातूरच्या त्या डेंटल कॉलेजात पेशंटच्या तोंडाला हात लावण्याआधी तीन दिवस बकऱ्याच्या जबड्यांवर सराव असायचा. हिरडी कापायची, मोडलेलं मूळ शोधायचं, टाके घालायचे. त्या वर्षी जबडे आलेच नाहीत. कॉलेजची सरकारी तपासणी जवळ आली तसे मल्लिनाथ सर रजिस्टर घेऊन वर्गात आले.

"तिन्ही दिवसांच्या सह्या करा. हात काय, पेशंटवरच बसतो."

सगळ्यांनी केल्या. उदगीरच्या महामायानंही केली. घरातली पहिली डॉक्टर होणार होती ती; सरांशी हुज्जत घालणं तिला सुचलंसुद्धा नाही.

महिन्याभरानं रेणापूरच्या पारूबाई तिच्या खुर्चीत बसल्या. खालची शेवटची दाढ किडलेली.

"लई ठणकायली बाई. काढून टाक एकदाची."

दाढ हलली आणि कट्‌कन मोडली. वरचा तुकडा चिमट्यात आला, मूळ आतच राहिलं. सर दुसऱ्या विभागात गेले होते. त्यांना बोलवायला हवं होतं, पण महामायाला लाज वाटली. रक्तात काही दिसेना. तिनं अंदाजानंच हत्यार खोल घातलं आणि जोर लावला. पारूबाई खुर्चीतून उसळल्या.

"आई गं! हनुवटीत वीज गेली!"

सर धावत आले. त्यांनी पाच मिनिटांत मूळ काढलं, टाके घातले. "होतं असं," म्हणाले.

आठव्या दिवशी पारूबाई टाके काढायला आल्या तेव्हा खालच्या ओठावर मोठा फोड होता.

"चहानं भाजलं म्हणं. सुनेनं सांगितलं तवा कळलं. ओठ हाय का न्हाई तेच समजंना."

ओठाला जाणीव देणारी नस हत्यारानं चिरडली होती.

महामायानं प्राचार्यांना अर्ज लिहिला: सराव झालाच नाही, सह्या खोट्या आहेत. वर्गातला सिद्धराम तिला जिन्यात अडवून म्हणाला, "तुझ्यापायी आमचं पण वर्ष जाईल." तरी तिनं अर्ज दिला.

चौकशीत बाकी सगळ्यांनी सराव झाला असं सांगितलं. प्राचार्यांनी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.

"ही सही तुझीच ना?"

"हो सर. पण खोटी."

"म्हणजे खोटं तूच केलंस."

वर्षभर तिला पेशंट बंद झाले. मल्लिनाथ सर होते तिथंच राहिले.

आठ महिन्यांनी ती रेणापूरला गेली. पारूबाई जेवत होत्या. हनुवटीला वरण लागलेलं, त्यांना पत्ता नव्हता.

"मावशी, मला येत नव्हतं ते. मी कधी केलंच नव्हतं."

पारूबाईंचा घास हातातच राहिला. त्या म्हणाल्या, "तवाच सांगायचं न्हाई का गं? उठून गेले असते की मी."

पारूबाईंनी ताट बाजूला सारलं आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, "हिला पाणी दे, अन् एसटीवर सोडून ये."