दूध कुठे वळलं?

सरांच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर त्यांच्या मुलीने एक कागद चिकटवला होता. वर ठळक इंग्रजी अक्षरांत 'टर्न', खाली आठ, दहा, बारा, दोन असे आकडे. पाच महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडून सरांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचं, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची, हे दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशींचं काम. सरांनी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. पण पडल्यापासून 'हूं' आणि 'नको' यांपलीकडे त्यांची गाडी जात नव्हती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बसवायचं म्हटलं, तरी 'नको'च.

एका सकाळी मुलगी कामावर निघता निघता स्वयंपाकघरातून ओरडली, "द मिल्क हॅज टर्न्ड!" आणि दार ओढून गेली.

मावशींनी जाऊन पाहिलं. पातेलं जागच्या जागी. दूधही आतच, फक्त फाटलेलं.

दहा वाजता सरांना वळवताना मावशींना राहवलं नाही. "सर, टर्न म्हणजे वळवणं ना? मग दूध कुठे वळलं?"

सरांचं तोंड भिंतीकडे होतं. तिकडूनच आवाज आला, "वळलं नाही. नासलं."

"त्यालाही टर्नच?"

"पान पिवळं पडतं, टर्न. तोंड लाल होतं, टर्न. मला ऐंशी पूर्ण झाली, तेही टर्न."

"अगंबाई! आपल्याकडे दूध नासतं, केस पिकतात, हवा पालटते. ज्याचं त्याचं वेगळं. तुमचं इंग्रजी फारच काटकसरी."

सर खुदकन हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

बारा वाजेपर्यंत मावशींच्या डोक्यात तेच घोळत होतं. "माझा नातू यंदा ताडमाड वाढला. टर्न्ड टॉल?"

"छे. तसं म्हणत नाहीत."

"का?"

सरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "हे मला कुणी विचारलंच नाही कधी."

"उंची रोज दिसत नाही, म्हणून असेल," मावशींनी अंदाज बांधला. "दूध कसं बघता बघता फाटतं."

"पण पानंही हळूहळूच पिवळी पडतात की. त्यांना चालतं."

"मग?"

"मग काय, माहीत नाही! तो कपाटावरचा जाडा शब्दकोश काढा."

शब्दकोश विटेसारखा जड. झोपून धरता येईना. सर दोनदा धडपडले आणि वैतागून म्हणाले, "बसवा मला."

मावशींनी पाठीशी तीन उशा रचल्या आणि काखेत हात घालून त्यांना हळूच वर घेतलं. सरांचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला. पण चष्मा मागितला तो त्यांनीच. दहा मिनिटं टिकले. दोन वाजता पुन्हा बसले, चार वाजता पुन्हा. त्या एका शब्दाने चार पानं अडवली होती.

संध्याकाळी मुलगी आली ती दारातच थबकली. "बाबा! तुम्ही बसलात?"

"थांब जरा," सर पानावरून बोट न हलवता म्हणाले. "वय आहे, रंग आहे, चव आहे. उंची कुठेच नाही. का नाही, ते कुणी लिहिलेलंच नाही."

मावशींची घरी जायची वेळ केव्हाच टळून गेली होती. त्या पंख्याने उडणारं पान दाबून उभ्या होत्या. "पुढचं पान बघा ना, सर," त्या म्हणाल्या.