चार बोटं कागद

खलीलच्या दुकानातल्या तसबिरींत देव मधोमधच बसायचा. भद्रकालीच्या गल्लीत तीस वर्षं तो चौकटी करत होता, आणि मूर्ती तसूभर जरी डावी-उजवीकडे सरकली तरी त्याचं डोकं फिरायचं. छापखानेवाले वाटेल तिथे चित्र छापतात, ते ताळ्यावर आणायचं काम आपलं, असं त्याचं म्हणणं. मग कात्री चालायची. आजवर एकाही देवाने तक्रार केली नव्हती.

छत्तीस सालच्या माघात मखमलाबादचा खंडेराव त्याच्याकडे आला. भाजीचा मळा करणारा साधा माणूस. हातात कागदाची गुंडाळी. उलगडली तर विलायती साप्ताहिकातलं जुनं पान निघालं, सत्तावनच्या बंडाच्या धामधुमीतलं. पेठ गावाकडच्या डोंगरातली चकमक होती ती. जरा डावीकडे तलवार उगारलेला एक मिशाळ माणूस, मागे त्याचे सोबती, समोर पलटण आणि सगळीकडे धूर.

"हा माझ्या आईचा बाप, गेणू पाटील," खंडेराव म्हणाला. "त्याच दिवशी पडला. आमच्या मास्तरांना एका सायबाच्या लिलावात ह्या साप्ताहिकाच्या जुन्या अंकांचं बांधलेलं पुस्तक गावलं. आई दर शुक्रवारी जाऊन हे पान बघत बसायची, तर त्यांनी शेवटी पानच काढून दिलं. तिच्या माहेरचं एवढंच काय ते उरलंय, खलीलभाई. जपून करा."

"माझ्या हातून आजवर काच तडकली नाही," खलील म्हणाला. जपून करा म्हटलेलं त्याला जरा लागलंच होतं.

पाटील मधोमध यायचा तर उजवीकडचा चार बोटं कागद जाणार होता. त्याने त्या बाजूला ओझरतं पाहिलं. झाडाखाली बसलेल्या चार बाया, शेजारी बंदूक टेकवून उभा एक शिपाई. लढाईच्या चित्रात बसलेल्या बायांचं काय काम? त्याने पट्टी कापली. सरस पातळ करायची शेगडी विझत आली होती, ती त्याच पट्टीने पेटवली. मग कडेने सोनेरी जर लावली, काच बसवली आणि स्वतःच्या कामावर खूश होऊन चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खंडेराव आईला घेऊन आला. ठमाबाईचं वय पाऊणशेच्या पुढे, पण नजर शाबूत. खलीलने तिला स्टुलावर बसवलं आणि तसबीर मांडीवर दिली. बापाकडे तिने पाहिलंही नाही. तिचं बोट काचेवरून उजवीकडे सरकत गेलं आणि लाकडाला अडलं.

"हितली माझी आई कुठं हाय?"

खलीलला काही उमगेना. "मावशी, वडील बघा की. कसे उठून दिसतात."

"ह्यो माझा बाप नाय, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "त्याचं तोंड देवीच्या वणांनी भरलेलं, एक डोळा गेलेला. आई सांगायची. बायांना दिसभर उंबराखाली बसवून ठिवलं व्हतं, आन एक गोरा वही घिऊन त्यांच्याकडं बघत व्हता. लढाई पार पल्याडच्या टेकाडावर. त्याला धुराबिगर काय दिसणार? बाप त्यानं मनानं काढला. बाया तेवढ्या बघून काढल्या. त्यातली चवथी अवघडलेली, ती माझी आई. मी पोटात. सात वर्साची व्हते तवा ती गेली. तिचं तोंड मला आठवत नव्हतं. ह्या कागदात पुन्हा गावलं व्हतं."

खलीलने तसबीर उजेडाकडे धरली. पाटलाच्या मागच्या पाचही जणांना तेच नाक होतं, तेच डोळे, तीच मिशी. एका साच्यातल्या लक्ष्म्या आणि सरस्वत्या रोज हाताळणाऱ्या माणसाला काल हे दिसलं नव्हतं.

"पट्टी कुठंय?" खंडेरावने विचारलं.

उंदरांनी नेली, असं म्हणता आलं असतं. "जाळली," खलील म्हणाला. "मीच. मावशी, माफ करा मला." शरमेने त्याला मान वर करवेना.

खंडेराव तोंडाला येईल ते बोलला. ते ओसरल्यावर ठमाबाईने विचारलं, "कापताना तू पाह्यली असशील तिला. कशी दिसत व्हती?"

खलीलने आठवून पाहिलं. चार बाया होत्या, एवढंच आठवलं. त्याने कागद मोजला होता, बाया पाहिल्या नव्हत्या. तसं त्याने तिला सांगितलं.

मग त्याने खिळे उपसले, काच काढली, जर सोडवली. सागाची नवी, रुंद चौकट केली. मागे कोरा कागद लावून चित्र डाव्या अंगाला चिकटवलं आणि उजवीकडे बरोबर चार बोटं जागा मोकळी ठेवली. तोवर ती दोघं तिथेच बसून होती.

"लोक इचारतील, हितं काय व्हतं," खंडेराव कुरकुरला.

"इचारू दे." ठमाबाईने खलीलला खुणेने शेजारी बसवलं. "आता तू नीट बघ. ही पहिली, आमची थोरली चुलती. डोक्यावरचा पदर ढळलेला. ही दुसरी, तिनं मांडीवर बोचकं धरलंय." असं सांगत तिचं बोट कोऱ्या कागदावरून पुढे जात राहिलं. चौथीपाशी ते थांबलं.

"ही आई," ती म्हणाली.

खलील बघत राहिला.