न्यायमूर्तींचा हातमोजा

न्यायमूर्ती अ‍ॅम्ब्रोज थॅकवेल जन्माने आमच्याच वॉरंबिलचे. बाप लोहार, शिक्षा भोगायला जहाजातून आलेला. तो लवकर गेला आणि आई तान्ह्या पोराला घेऊन सिडनीला गेली. पोरगा लंडनला जाऊन बॅरिस्टर झाला, सिडनीत नाव काढलं आणि आता फिरत्या कोर्टाबरोबर गावात आला तो डोक्यावर विग घालूनच. आमच्याकडच्या जानेवारीच्या, ऐन उन्हाळ्याच्या भट्टीत हातात कातडी मोजे! माझ्या खानावळीत मटण कापतानाही उजवा मोजा काढेना. मला म्हणे, "मॅडम, मीठ द्याल का?"

"खरूज झालीय की काय, बघ गं होनोरा," शेजारीण डोळे मिचकावत म्हणाली.

मला कुठलं हसू! दुसऱ्या दिवशी याच माणसापुढे माझ्या भावावर, कॉर्मॅकवर, घोडीचोरीचा खटला होता.

घोडी कोर्टाच्या अंगणात बांधली होती. तिच्या खांद्यावर मालकीखुणेचा गोल डाग. फिर्यादी जमीनदार प्रिडमने त्यावर आपली डागणी, जनावरं डागायची लोखंडी मुद्रा, टेकवली. तंतोतंत बसली. कॉर्मॅकची डागणीही गोलच, पण बरीच लहान.

"आईला पीत होती तेव्हा मीच डागलीय," प्रिडम म्हणाला.

बाराही पंच घोड्यांत वाढलेले. खोट त्यांना कळली होती. पण निम्मे प्रिडमची कुळं, बुटांकडे बघत बसले. आमचा वकील नुकताच इंग्लंडहून उतरलेला. मी सांगायला गेले तर म्हणाला, "बाई, गप्प बसा."

तेवढ्यात न्यायमूर्तींनी विचारलं, "शिंगरू वाढलं आणि डाग तेवढाच राहिला?"

"डाग कुठे वाढतो साहेब? लंडनमध्ये वाढत असतील!" प्रिडम म्हणाला. कोर्ट हसलं.

न्यायमूर्तींनी मोजा काढला. हाताच्या अख्ख्या पाठीवर एक वेडंवाकडं कडं उमटलेलं होतं.

"बापाच्या हातून डागणी निसटली तेव्हा मी रांगत होतो. डाग शिलिंगच्या नाण्याएवढा होता, असं आई सांगायची. प्रिडम, तुझी डागणी शिंगराला लागली असती, तर आज डाग डागणीहून मोठा असता. लहान डागणी कोणाची, ते पंचांनी बघावं."

"शेवटी लोहाराचाच पोरगा," सिडनीच्या वकिलांपैकी कोणीतरी रुमालाआड पुटपुटलं. सगळ्यांना ऐकू गेलं, न्यायमूर्तींनाही.

पंच आत गेलेच नाहीत. एकमेकांकडे बघितलं आणि त्यांचा म्होरक्या उठून म्हणाला, "निर्दोष." मी तिथेच हमसून हमसून रडले.

संध्याकाळी न्यायमूर्ती जेवायला आले, हात उघडे. कॉर्मॅकनेच त्यांना वाढलं. मी विचारलं,

"साहेब, मोजे कोर्टात राहिले वाटतं?"

"राहू देत," त्यांनी त्या हाताने मिठाचं भांडं ओढून घेतलं. "इथे फार उकडतं गं."